नत्थूजींचं अक्षर

अड्याळच्या बाजारात जुना कॉम्प्युटर बदला म्हणून सांगायला गेलं की दुकानदार एकच उत्तर देतात, "चालू आहे ना?" माझं कामच ते सांगण्याचं आहे. भंडाऱ्याच्या एका कॉम्प्युटर दुकानात मी नोकरीला आहे आणि पवनी तालुक्याकडची गिऱ्हाइकं माझ्याकडे असतात. सिस्टीम जुनी झाली, बनवणाऱ्यांनी तिच्याकडे पाहणं सोडलं, उद्या व्हायरस शिरला तर कोणी वाली नाही, असं मी समजावून सांगतो. लोक शांतपणे ऐकून घेतात, चहा पाजतात, आणि "चालू आहे ना, मंग कायले हात लावतं?" म्हणून मला परत पाठवतात.

आधी मला वाटायचं, हा कंजूषपणा आहे, नाहीतर भीती. हळूहळू कळलं की प्रत्येकाचं काहीतरी त्या जुन्या डब्यात अडकलेलं असतं आणि ते सांगायला त्याला लाज वाटते. कृषी केंद्राच्या म्हाताऱ्या मालकांना आता पडद्यावरचं नीट दिसत नाही, पण कोणतं बटण कुठं आहे ते त्यांच्या बोटांना पाठ आहे. राईस मिलच्या वजनकाट्याचा प्रोग्राम ज्या भाच्यानं बसवून दिला, तो भाचा आता नाही. हे असं काही असू शकतं, हे मला पहिल्यांदा नत्थूजींच्या दुकानात समजलं.

नत्थूजी म्हणजे नत्थू पेंटर. बसथांब्याजवळ त्यांचं एका खोलीचं दुकान, "नत्थू आर्ट्स". लग्नपत्रिका, तेरवीच्या पत्रिका, दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांची पत्रकं, शाळेचे प्रश्नपेपर, सगळं तिथं व्हायचं. उंच, किडकिडीत माणूस. डोक्यावर टोपी, अंगात निळा शर्ट, आणि त्या शर्टावर कुठल्या तरी जुन्या पाटीचा पिवळा डाग, जो कधीच गेला नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा त्यांना लागायचाच, पण दुकानाच्या पायरीवर. आत खर्रा घेऊन कोणी आलं तर ते हातातलं काम थांबवून नुसते पाहत राहायचे. समोरचा बाहेर जाऊन थुंकून यायचा.

त्यांना रस्त्यानं चालताना बघणं ही मजा होती. भिंतीवरची, ट्रकवरची, पानठेल्यावरची प्रत्येक पाटी ते थांबून बघत. वाचत नसत, तपासत. "ह्या 'ळ'ले खर्रा जास्त झाला, झुकला पाहा." "हा 'क' पोट पुढं काढून कायले उभा आहे, सरपंच आहे का?" सोबतचा माणूस पुढं निघून गेलेला असायचा आणि नत्थूजी मागं एका दवाखान्याच्या पाटीसमोर मान वाकडी करून उभे.

आमचं गाव अड्याळपासून जवळच. घरी धानाची शेती, आणि वडिलांना सही येते तेवढंच अक्षर. मी दहावी पास झालो तेव्हा आमच्या घरात कोणाला पेढे वाटायचंही सुचलं नाही, कारण आमच्या घरात आधी कोणी दहावी पास झालंच नव्हतं. दोन-तीन दिवसांनी वडील बाजारातून धावत घरी आले आणि म्हणाले, "चाल, तुह्यं नाव लागलं आहे." मला वाटलं, कुठल्या तरी थकबाकीत. बघतो तर सोसायटीच्या गोदामाच्या भिंतीवर, निळ्या रंगात, माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि खाली "अभिनंदन". नत्थूजींनी कोणी न सांगता लिहिलं होतं. माझ्या वडिलांनी ते नाव वाचलं नाही, हात लावून पाहिलं. रंग ओला होता. वडिलांच्या बोटाला लागला, आणि ते बोट त्यांनी दिवसभर धुतलं नाही.

मी आभार मानायला गेलो तर नत्थूजी म्हणाले, "डबा उघडला होता, रंग वाळून गेला असता." त्यांना कुठल्याही चांगल्या कामाचं असंच फालतू कारण देण्याची सवय होती.

पुढं फ्लेक्स आले आणि हातानं पाट्या लिहिणं बंद पडलं. बाकीचे पेंटर कोणी मजुरीला गेले, कोणी चिखल्याच्या खाणीकडं ट्रकवर. नत्थूजींनी चाळिशी ओलांडल्यावर नागपूरच्या एका प्रेसमधून जुना कॉम्प्युटर आणला. छपाईचं मराठी सॉफ्टवेअर त्यात होतं. ते चालायला कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला अंगठ्याएवढं एक कुलूप लावलेलं असायचं. कुलूप म्हणजे एक खोचायचा तुकडा. तो काढला की सॉफ्टवेअर उघडत नसे. चोरून कोणी वापरू नये म्हणून कंपनीनं केलेली ती सोय होती. पण त्यातलं तयार अक्षर नत्थूजींना आवडेना. "हे अक्षर आजारी आहे," ते म्हणायचे. "कोणी बी लिहिलेलं नाही हे."

मग त्या नागपूरच्या प्रेसमधला एक कारागीर उन्हाळाभर त्यांच्याकडं येऊन राहिला. नत्थूजी ब्रशनं बटर पेपरवर एकेक अक्षर काढायचे आणि तो माणूस ते आत बसवायचा. बाराखडी, जोडाक्षरं, आकडे, मात्रा, सगळं. नत्थूजींची बायको, आमच्या काकू, सांगायच्या, "दोघंबी जेवाले उठत नव्हते. मी म्हणो, अक्षराले वेलांटी लावता लावता पोटाले चिमटा बसला तुमच्या." उन्हाळा संपला तेव्हा नत्थूजींचा हात त्या मशीनमध्ये गेला होता. बटण दाबलं की त्यांचंच अक्षर उमटायचं, तोच भरदार "म", तीच किंचित उजवीकडं ओढलेली रेघ. लोक त्याला नत्थू अक्षर म्हणायला लागले. लाखांदूर, दिघोरीकडं नाटकाचं पत्रक लागलं की दुरून सायकलवरूनच माणूस ओळखायचा, हे अड्याळहून छापून आलं.

नाटक कंपन्यांशी त्यांची भांडणं ऐकायला लोक मुद्दाम येत. एकदा वडशाच्या कंपनीचा मॅनेजर मोबाईल घेऊन आला. मी तिथंच होतो.

"काकाजी, हा टाईप पाहा. सोन्यावानी चमकते. नाटकाचं नाव असं पायजे."

नत्थूजींनी मोबाईल लांब धरून पाहिला. "नाटक रडवते का हासवते?"

"रडवते. तिसऱ्या अंकात तं बाया पदर तोंडाले लावून बाहेर जाते."

"मंग बहीण मेली त्या घरी तू सोनं घालून जातं का?"

"तुम्ही अक्षर काढता का नाटक करता हो?"

"तुह्यापेक्षा बरं करतो. घेतं का कंपनीत?"

मॅनेजर हसत बसला. नत्थूजींनी नाव टाकलं, अक्षरांमध्ये जरा जास्त जागा सोडली आणि शेवटचं अक्षर किंचित खाली उतरवलं. मॅनेजरनं मोबाईल खिशात ठेवला आणि म्हणाला, "छापून टाका बापा."

तेरवीच्या पत्रिकेला मात्र ते हसत नसत, भांडत नसत. घरचे आले की आधी त्यांना बसवायचं, पाणी द्यायचं. मग विचारायचं, "घरी काय म्हणून हाका मारत होते?" पत्रिकेत ते नाव यायचं नाही, तरी विचारायचं. मग बाकी मजकुराआधी गेलेल्या माणसाचं नाव एकटंच मोठं करून पडद्यावर ठेवायचं आणि पडदा त्यांच्याकडं वळवायचा. किती तरी माणसं मी त्या स्टुलावर बसून रडताना पाहिली आहेत. घरी पाहुण्यांच्या गर्दीत जे रडू आलं नव्हतं, ते तिथं यायचं. नत्थूजी तोवर पायरीवर जाऊन उभे राहत.

मी बीसीए झालो, भंडाऱ्याला नोकरी लागली, आणि दोन-तीन वर्षांनी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं थोडा सुधारला, हात नाही. तो मांडीवर ठेवलेल्या रुमालासारखा पडून राहायचा. मला वाटलं, दुकान संपलं. काही महिन्यांनी गेलो तर नत्थूजी खुर्चीवर, माऊस डाव्या बाजूला घेतलेला, आणि एका बोटानं लग्नपत्रिका चाललेली.

"जमते काकाजी?"

"हळू जमते. लोकं थांबते." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "मले भेव वाटलं होतं का अक्षर बिघडन. हात असा झाला तं अक्षरबी तसंच निघन, असं येड्यावानी वाटलं. पण पाहा ना, ते तं तसंच आहे."

त्यानंतर मी त्यांना सिस्टीम बदलायचं कधी म्हटलं नाही. त्या आधी म्हणत होतो. नवं सॉफ्टवेअर आलं होतं, शाळेच्या फाईली नव्या पद्धतीनं यायच्या आणि नत्थूजींच्या मशीनवर उघडत नसत. प्रश्नपेपरचं काम पवनीच्या दुसऱ्या दुकानात गेलं. सरकारी साईट उघडायची नाही. गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून एकदा व्हायरस आला, तो मी दोन दिवस बसून काढला. मी एवढंच सुचवलं होतं की जुनं मशीन अक्षरासाठी राहू द्या, बाजूला एक नवं घ्या. ते म्हणाले, "घेऊ." पण घेतलं नाही. नव्याला टेबल लागलं असतं, टेबलाला जागा, आणि जागा करायची तर कागदाचे गठ्ठे हलवायचे. हे त्यांचं कारण. खरं कारण असं होतं की त्या मशीनच्या आजूबाजूला कोणी खटपट केलेली त्यांना चालायची नाही. दुकानात मोठा आवाज झाला तरी ते आधी त्या डब्याकडं बघत.

त्यांचा एकुलता मुलगा प्रमोद पुण्याच्या कारखान्यात आहे. फार चांगला मुलगा. दर रविवारी फोन करायचा आणि प्रत्येक फोनमध्ये विचारायचा, "बाबा, किती दिवस ते डबडं चालवता?" नत्थूजी म्हणायचे, "चालू आहे ना." आपलं अक्षर त्या डब्याच्या कुलपावर चालतं, हे त्याला त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्याकडं बाप मुलाला असं बसवून काही सांगत नाही. "मले हे लागते, याच्यात माहा जीव आहे," असं बोलायची आमच्या घरांत रीत नाही. "चालू आहे ना" म्हटलं की झालं.

दसऱ्याला आमच्याकडं अवजारं पुजतात. शेतकरी नांगर, वखर पुजतो. नत्थूजी कॉम्प्युटर पुजायचे, त्याच्या डोक्यावर हळदकुंकू आणि एक झेंडूचं फूल. त्या वर्षी प्रमोद दसऱ्याच्या आधी सुट्टी घेऊन आला. वडिलांना तपासणीसाठी काकूंसोबत भंडाऱ्याच्या दवाखान्यात पाठवलं, आणि इकडं जुनं मशीन गाडीत घालून एका मोठ्या दुकानात नेलं. माझ्या दुकानात नाही. मला कळलं तर मी गुपित फोडून टाकीन, असं त्याला वाटलं. बाबांना पूजेला नवा कॉम्प्युटर द्यायचा होता.

त्यानं काही निष्काळजीपणा केला नाही, हे मला इथं लिहायचंच आहे. दुकानदारासमोर बसून त्यानं एकूण एक फाईल नव्या मशीनमध्ये उतरवून घेतली. काही सुटलं नाही ना, म्हणून दोनदा मोजून पाहिलं. मागं खोचलेला तुकडा त्याला दिसलाही होता. "हे काय आहे?" त्यानं विचारलं. दुकानातला पोरगा म्हणाला, "जुन्या प्रिंटरचं कनेक्टर आहे भाऊ, नव्याले नाही लागत." जुनं मशीन, त्या तुकड्यासकट, बदल्यात तिथंच राहिलं.

दसऱ्याला नत्थूजींनी नवा कॉम्प्युटर पुजला. मोठा पडदा, आवाज न करणारा डबा. प्रमोदनं बटण दाबलं आणि क्षणात सगळं उघडलं. नत्थूजींनी विचारलं, "जुनं कुठी आहे?" प्रमोद म्हणाला, "दिलं बाबा. सगळं यातच आहे, काही गेलं नाही." नत्थूजी म्हणाले, "बहुत फास्ट आहे." काकूंनी पेढा वाटला.

मला फोन आला तो प्रमोद पुण्याला परत गेल्यावर. "येऊन जाजो एखाद्या टाइमाले," एवढंच. गेलो. फाईली सगळ्या होत्या, त्यांची नावं पडद्यावर ओळीनं दिसत होती. उघडायला गेलं की मशीन कुलूप मागत होतं, आणि नत्थूजींचं अक्षरही त्याच सॉफ्टवेअरच्या आत बंद होतं. मी ताबडतोब त्या दुकानात गेलो. जुना माल आठवड्याला नागपूरच्या भंगारवाल्याकडं जायचा. नागपूरला गेलो. तिथं डब्यांचा डोंगर होता, आणि तिथला माणूस म्हणाला, तारा न् तुकडे वेगळे काढून आधीच विकले जातात. सॉफ्टवेअरची कंपनी बंद झालेली, तिचा नंबर लागत नाही. तो उन्हाळाभर राहिलेला कारागीर प्रेस सोडून रायपूरकडं गेला, पुढचं कोणाला माहीत नाही. इंटरनेटवर तसं दुसरं कुलूप कोणी विकतं का, तेही शोधलं. मिळालं नाही. मिळालं असतं तरी ते नव्या मशीनला बसलं नसतं, जुनी सिस्टीमही कुठून तरी आणावी लागली असती. ती मी आणली असती.

शेवटी एक मार्ग उरला. मी त्यांना म्हटलं, "काकाजी, लोकांच्या घरी तुमच्या पत्रिका पडून आहेत. नाटकाची पत्रकं आहेत. मी गावोगाव फिरून गोळा करतो. एकेक अक्षर त्यातून उचलू, तुम्ही पाहून द्या, मी नव्या मशीनमध्ये बसवतो. वर्ष लागलं तर लागू द्या."

ते पायरीवर बसले होते. डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी नीट मांडीवर ठेवला.

"नको."

"काहून?"

"तू गावोगाव फिरशीन. लोकं इचारन, काहून गोळा करून राहिला बापा. तू नाही सांगितलं तरी कोणी तरी जोडन. मंग ते पुण्याले जाइन." त्यांनी काठी जवळ ओढली. "पोरानं हौसेनं आणलं आहे. त्याले जिंदगीभर हे घेऊन फिरा लागन."

"पण अक्षर जाईल ना काकाजी."

"गेलंच ते."

"एवढं मोठं…"

"प्रमोदले सांगू नको." मग नेहमीसारखं एक कारण जोडलं, "तसंबी लोकांले आता चमकणारंच पायजे."

मी सांगितलं नाही. आज लिहितो आहे, कारण प्रमोदला ते कळलं. पुढच्या वर्षी नत्थूजी गेले, झोपेतच. तेरवीची पत्रिका बाबांच्याच अक्षरात व्हावी म्हणून प्रमोद स्वतः दुकानात बसला आणि फाईल उघडायला गेला. मला फोन केला, "हे कोणतं कुलूप मागून राहिलं रे?" मी गेलो आणि सांगितलं. त्यानं एकच विचारलं, "बाबांले माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यानं मशीन बंद केलं. पत्रिका पवनीहून छापून आणली, तयार अक्षरात. काही महिन्यांनी त्यानंच मला म्हटलं, "लिही तू. मले नाही लिहिता येत." आता आम्ही दोघं जुन्या पत्रिका गोळा करतो. अक्षराचा आकार मिळतो. पण एका अक्षराशेजारी दुसरं किती अंतरावर बसवायचं, ते सांगणारं कोणी नाही.

मी नत्थूजींना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या जाण्याआधीच्या मंडईच्या दिवसांत. दिवाळी झालेली, प्रमोद सुट्टीवर आलेला, दुकानात बसलेला. मोबाईलवर वडिलांचा व्हिडिओ काढत होता, नव्या मशीनवर काम करताना. नत्थूजी त्याला पटापट खिडक्या उघडून दाखवत होते, "पाहा, पाहा, दाबलं का आलं." तेवढ्यात कोंढ्याकडचे एक म्हातारे आत आले. नातीच्या बारशाची पत्रिका करायची होती.

"पेंटरजी, तुमच्याच अक्षरात पायजे बरं. माह्या पोराच्या लग्नाची होती तशी."

मी प्रमोदकडं पाहिलं. नत्थूजींनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"ते बंद केलं मी," ते म्हणाले.

"काहून?"

"बहुत झालं आता ते. जुनं दिसते."

म्हाताऱ्याला पटलं नाही. "जुनं दिसते तं दिसू द्या ना. आम्ही का नवे आहो?"

प्रमोदनं मोबाईल खाली घेतला. "हो बाबा, काहून बंद केलं? मी तं सगळं उतरवून घेतलं होतं ना? काही राहिलं का?"

"नाही रे. सगळं आहे. तू बराबर घेतलं." नत्थूजींनी डावा हात त्या नव्या डब्यावर ठेवला. "मलेच कंटाळा आला त्याचा. किती वर्षं एकच अक्षर पाहू?"

प्रमोद हसला आणि त्यानं पुन्हा मोबाईल वर धरला. नत्थूजींनी तयार अक्षरांची यादी उघडली, त्यातलं एक निवडलं, आणि म्हाताऱ्याकडं वळून विचारलं, "सांगा, काय नाव ठेवलं पोरीचं?"